बाबांची सुनावणी

माझे बाबा आंब्यावरून पडले तेव्हा ते प्यायलेले नव्हते. हे मी सगळ्यात आधी लिहून टाकते. चारचौघांत हे एकदा मोठ्याने म्हटलं जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरं काही त्यांनी कुणाकडे मागितलं नाही. आणि मी कितीही खटपटी केल्या तरी मला ते जमवून देता आलं नाही.

आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, खाडीच्या अंगाला आहे. बाबा तिथल्या बागांत आंबे काढायचे. हातात घळ, म्हणजे टोकाला पातं आणि जाळी लावलेला लांब बांबू, आणि पाय फांदीवर. आंबा देठासकट जाळीत उतरवायचा, खाली पडू द्यायचा नाही. आमची स्वतःची दोन झाडंसुद्धा नव्हती, पण हंगाम लागला की बाबांना चार ठिकाणची बोलावणी यायची, आणि मग ते जरा ताठ चालायचे. आई त्यावरून त्यांची फिरकी घ्यायची. म्हणायची, आले बघा आंब्यांचे जावई.

ते प्यायचे, हेही सांगते. मी लहान असताना पुष्कळ प्यायचे. त्यात लपवण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं, कारण वाडीतल्या लोकांनीच त्यांना कितीदा तरी उचलून घरी आणलेलं. मग एका शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे देवळासमोरच्या त्या दगडी ओट्यावर, बसलेली असताना बाबा पुढे गेले. गुरवाला म्हणाले, माझं गाऱ्हाणं घाल. आमच्याकडे माणूस देवाला मनातल्या मनात काही सांगत नाही. गुरव ते सगळ्या गावादेखत मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक वाक्याला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतं. आजपासून हे तुझं लेकरू दारूला शिवणार नाही, असं गुरव म्हणाला आणि सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. मी आईच्या शेजारी उभी होते. त्यानंतर बाबांनी थेंब घेतला नाही. माझ्या लग्नात वऱ्हाडातल्या लोकांनी आग्रह केला तेव्हा ते सोलकढीचा पेला पुढे करून हसले होते.

हे माहीत असल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या वर्षी हंगामाच्या अखेरीस अवकाळीचं सावट होतं आणि सगळ्या बागवाल्यांची धांदल उडाली होती. बाबा ज्या बागेत होते तिथे सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेला एक जुनं झाड होतं. त्याची एक फांदी किडीने आतून पोखरलेली. बाबांनी सकाळीच सांगितलं, त्या फांदीवर नको चढायला. बागेचे मालक म्हणाले, गाडी उभी आहे, तेवढं उरकून टाक. बाकीचे गडी तिथेच आंबे पेट्यांत भरत होते, त्यांनी हे ऐकलं. त्यांतले एक काका होते. ते आमच्या नात्यातले नव्हेत, पण लहानपणापासून बाबांबरोबर झाडांवर चढलेले, म्हणून मी त्यांना काकाच म्हणते.

मालक वयाने बाबांपेक्षा लहान. तरी बाबा त्यांना भाऊ म्हणायचे, आणि भाऊंना नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. भीड हा बाबांचा जन्माचा आजार होता. दारू सुटली, भीड सुटली नाही. ते चढले आणि फांदी त्यांना घेऊन खाली आली.

भाऊंनी त्यांना स्वतःच्या गाडीतून रत्नागिरीला दवाखान्यात आणलं. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. मी रत्नागिरीतच कचेऱ्यांच्या समोर एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे फोन आला तशी धावत पोचले. बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर विचारत होते, कसे पडले, आणि भाऊ सांगत होते, “घेतली असणार थोडी. पूर्वी घ्यायचा.”

ते घाबरून बोलले असतील. आपल्यावर येऊ नये म्हणून माणूस तोंडाला येईल ते बोलतो. मलाही त्या क्षणी ते काही फार मोठं वाटलं नाही, मला हाडाची काळजी होती. पण बाबा शुद्धीवर होते आणि त्यांनी ते ऐकलं. त्यांनी भाऊंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. दुखणं एवढं असताना त्यांच्या डोळ्यांत दुखणं नव्हतं, शरम होती, आणि तीही न केलेल्या गोष्टीची.

आठवड्याभरात ते वाक्य गावभर झालं. भेटायला येणारी माणसं बिस्किटांचा पुडा आणायची, चांगलं बोलायची, आणि उठताना हळूच म्हणायची, आता तरी सोडा. कुणी रागाने म्हणत नव्हतं, त्याचाच जास्त संताप यायचा. बाबा नुसते छताच्या कौलांकडे बघत राहायचे. मग एकदा मला म्हणाले, सहाणेवर बोललो होतो मी बाय, देवाला काय वाटेल.

तेव्हा मी तक्रार टाइप केली. शेतमजुरांच्या तक्रारी बघणारं एक सरकारी कार्यालय असतं. त्याचं नाव लिहीत नाही, लिहून काही होणार नाही. झाड धोक्याचं आहे हे सांगूनही चढायला लावलं, आणि वर माणूस प्यायला होता असा बोभाटा केला, असं मी लिहिलं. मदत मिळावी असंही लिहिलं, कारण बाबा आता कधीच झाडावर चढणार नव्हते. पण अंगठा उठवताना बाबांनी मला मदतीचा नव्हे, त्या बोभाट्याचा भाग पुन्हा वाचायला लावला.

चौकशीला साहेब गावात येणार असं कळलं आणि घरात गडबड उडाली. आमच्या घरी पुढे एक लहानसा ओटा आहे. बाबा म्हणाले, साहेब इथे बसणार कुठे, भाऊंची पडवी बरी, तिथे पंखा आहे, खुर्च्या आहेत. मला वाटलं थट्टाच करताहेत. मी म्हटलं, अहो बाबा, तक्रार ज्यांच्यावर त्यांच्याच घरात चौकशी? आई पण माझ्या बाजूने बोलली. ते ऐकेनात.

“सरकारी माणूस म्हणजे पाव्हना, बाय,” ते म्हणाले. “त्येला काय भुईवर बसवू?”

आणि त्यांनीच काकांकरवी भाऊंना निरोप पाठवला. भाऊंनी अर्थातच हो म्हटलं. आमच्या गावात कुणीही साहेब आला, तलाठी येवो की बँकेचा माणूस, तो त्याच पडवीत बसतो. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. साहेबांनाही वाटलं नाही.

भाऊंच्या घरून पोहे आले, कोकम सरबत आलं. मग साहेब आतल्या खोलीत बसले आणि जबाब एकेकाचे घेऊ लागले. दार लावून घेतलं. कुणावर दडपण येऊ नये म्हणून दार लावलंय, असं त्यांच्या शिपायाने आम्हाला समजावलं. बाहेर अंगणात भाऊ स्वतः फेऱ्या मारत होते, ते काही दडपण नव्हतं. गडी आत जायचे, तोंड पुसत बाहेर यायचे. भाऊंचे पोहे खाऊन, त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्याविरुद्ध बोलायला कुणाची जीभ उचलेल? आणि कदाचित उचललीही असेल. मला माहीत नाही. तेच तर माझं म्हणणं आहे, की कुणालाच काही माहीत नाही.

बाबांना खुर्चीत बसवून काका आणि आणखी एकाने पायऱ्यांवरून वर उचलून नेलं. ते आत फार वेळ नव्हते. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं. म्हणाले, बाकीचे माझ्याविषयी काय बोलले ते विचारलं, साहेब म्हणाले ते गोपनीय असतं. बाबांना तो शब्द नवा होता. मला अर्थ विचारला. मी सांगितला. मग ते काकांकडे बघून हसले आणि त्यांना काही विचारलं नाही. मित्राला तू काय सांगितलंस असं विचारणं म्हणजे त्याच्यावर शंका घेणं, असं त्यांचं मत. काकांनीही आपणहून काही सांगितलं नाही.

पुढे मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. असे अर्ज मी लोकांना रोज टाइप करून देते, माझे हात त्याला सरावलेले आहेत. जबाबांच्या प्रती द्या, एवढंच मागितलं. उत्तर आलं, की ही त्रयस्थ व्यक्तींची माहिती असल्याने देता येत नाही. दुकानात उभ्या उभ्या मी ते वाचलं आणि शेजारी गिऱ्हाईक होतं तरी मोठ्याने शिवी दिली. बाबांविषयी बोललेलं, बाबांच्या पडण्याविषयी बोललेलं, आणि बाबाच त्याला परके. अपील केलं. अपिलाचं उत्तर आलं, की मूळ तक्रारच आता सुनावणीस लागली आहे, त्यामुळे प्रती देता येणार नाहीत.

सुनावणी म्हटल्यावर मात्र बाबांच्या चेहऱ्यावर रंग चढला. सुनावणी म्हणजे ऐकणं, मग ऐकायला माणसं हवीत, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांनी वाडीत सगळ्यांना बोलावणं केलं. आमच्या लोकांना अशा कामाला जायचं म्हणजे काय ते सांगते. पुरुषांनी इस्त्रीचे सदरे घातले, बायका गजरे माळून आल्या, कुणीतरी भाकऱ्या आणि सुक्या बांगड्याची चटणी बांधून घेतली, आणि एक टेम्पो भरून वाडी रत्नागिरीला आली. मला रस्त्यावरून तो टेम्पो येताना दिसला तेव्हा हसू आलं.

कार्यालयाच्या जिन्यात शिपाई म्हणाला, ही वरात कुठे निघाली? काकांनी सांगितलं, सुनावणी ऐकायला आलोय. शिपाई म्हणाला, ऐकायला काय नाटक आहे का, फक्त पक्षकार आत. मी भांडले. कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं. त्याने दाखवलं नाही आणि दारही सोडलं नाही. शेवटी बाबांना धरायला कुणीतरी हवं म्हणून मला आत सोडलं.

आत चौकशीला आलेले तेच साहेब होते, त्यांच्यावरचे एक साहेब होते, भाऊ आणि त्यांचे वकील. वरचे साहेब माणूस म्हणून बरे होते. बाबांना आधी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. शिपाई दार ओढून घ्यायला लागला तेव्हा बाबा काठीवर हात ठेवून अर्धे उठले.

“साहेब, दार उघडं ठेवाल काय?” ते म्हणाले. “आमची माणसं आयकायला आलीत.”

वरचे साहेब हसून म्हणाले, अहो, तुमच्याच भल्यासाठी बंद ठेवतो, घरच्या गोष्टी चारचौघांत कशाला. साहेब आदराने बोलले होते आणि आदराने बोलणाऱ्यापुढे बाबांचं काही चालायचं नाही. ते खाली बसले. दार बंद झालं. घरच्या गोष्टी! गावभर झालेली गोष्ट घरची कशी, हे मी विचारायला हवं होतं म्हणून आजही माझी मीच चडफडते, पण खरं सांगायचं तर विचारूनही दार उघडलं नसतं.

आत सगळं चटकन उरकलं. वकील बोलले, साहेबांनी कागद चाळले, भाऊ मदत द्यायला तयार झाले. बाबांना विचारलं, मान्य आहे का. बाबा म्हणाले, मी पियालेलो नव्हतो ते लिवा. लिहितो, लिहितो, साहेब म्हणाले. आम्ही बाहेर आलो तेव्हा वाडीतले निम्मे लोक बाजारात गेले होते. उरलेले जिन्यात भाकऱ्या खात होते. काय झालं, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, साहेब लिहितो म्हणाले.

निकालाचा कागद पोस्टाने आला. मी शनिवारी गावी जाऊन तो बाबांना वाचून दाखवला. दवाखान्याच्या कागदांत तसा उल्लेख नसल्याने कामगाराने मद्यप्राशन केल्याचे सिद्ध होत नाही, असं त्यात होतं. बाबांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, सिद्ध होत नाही म्हणजे पियालेलो होतो की नव्हतो? मी म्हटलं, नव्हता, बाबा. ते म्हणाले, तसं लिहिलंय काय? मी कागदाची घडी घातली. त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं होतं.

तरी कागद आमच्या बाजूचा होता. निकाल लोकांच्या माहितीसाठी लावला जातो, असं साहेब म्हणाले होते. तो लागला, त्याच जिन्यातल्या काचेच्या कुलूपबंद फळ्यावर, इतर कागदांच्या मागे, वरचा कोपरा दिसेल एवढा. गावातलं कुणी तिथे जाऊन वाचणार होतं काय? मग मी दुकानातून प्रती काढल्या आणि गावात एसटीच्या थांब्यावर, रेशनच्या दुकानाशी, पंचायतीच्या भिंतीला चिकटवल्या. पुढच्या शनिवारी थांब्यावरच्या प्रतीवर क्रिकेटच्या स्पर्धेचं पोस्टर होतं. ग्रामसभेत मी उभी राहिले आणि हा कागद वाचू द्या म्हटलं. हा विषय आजच्या विषयांत नाही आणि ही वैयक्तिक बाब आहे, असं मला सांगण्यात आलं. सभा पाणीयोजनेकडे वळली. मी कागद हातात धरून तशीच उभी होते. मग शेजारच्या बाईने पदर ओढून मला खाली बसवलं.

बाबा म्हणाले, आता सोड तू. जिथे बोललो तिथेच जाऊन सांगतो.

शिमगा आला. चाकरमानी मुंबईहून आले, ढोल वाजले, पालखी सहाणेवर बसली. दुपारी सगळा गाव समोर उभा होता. बाबा काठी टेकत पुढे गेले. चालायला त्यांना किती वेळ लागला, आणि गर्दीने कशी वाट करून दिली, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. त्यांनी गुरवाच्या कानाशी बराच वेळ काहीतरी सांगितलं. गुरवाने मान डोलावली.

मग गुरवाने नारळ हातात घेतला आणि आवाज लावला. बा देवा म्हाराजा, ह्यो तुजा लेकरू तुज्या पायाशी आलाय. व्हय म्हाराजा, गाव म्हणाला. त्येने तुज्याफुडं शबुद दिलेला. व्हय म्हाराजा. झाडावरनं पडला तवा तो शुद्धीत होता, दारूला शिवला नव्हता. व्हय म्हाराजा. काय बोल उठला आसंल तर तो दूर कर, लेकराला सांभाळून घे. व्हय म्हाराजा.

पहिल्या रांगेत भाऊ होते. ते पण म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी इतरांसारखंच, इतरांच्याच सुरात म्हटलं, आणि लगेच मोबाइल काढून पालखीचा फोटो घेतला. गुरवाने पुढच्या माणसाचं गाऱ्हाणं घेतलं, मुलीचं लग्न जमावं म्हणून. गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. त्याच सुरात.

तरी बाबांचा चेहरा फुलला होता. ते येऊन सहाणेच्या कठड्यावर टेकले, प्रसादाचं खोबरं हातात तसंच होतं. मी शेजारी बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांचे खांदे सैल झालेले दिसले. म्हणाले, आयकलंस ना गो? मी म्हटलं, ऐकलं बाबा, सगळ्यांनी ऐकलं. मला खरंच तसं वाटलं. मनात आलं, कचेरीत जे झालं नाही ते इथे उघड्यावर, उन्हात झालं.

तेवढ्यात काका आले. बाबांच्या दुसऱ्या बाजूला बसले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. ह्या माणसाचं बाबांवर प्रेम होतं, त्यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

“बरा केलंस, देवाफुडं इलंस,” काका म्हणाले. “पितो माणूस येकांद्या वेळी. देव माफ करतो रे.”

मी तोंड उघडलं. मला ओरडायचं होतं, त्या सहाणेवर उभं राहून एकेकाचं नाव घेऊन ओरडायचं होतं. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि दाबला. ते काकांकडे बघत होते, त्यांच्या भरलेल्या डोळ्यांकडे. भाऊंच्या पडवीत खुर्च्या आहेत असं सांगताना त्यांचा जसा चेहरा होता, पाहुण्याला अवघडायला नको असा, तसाच आता झाला.

“व्हय,” बाबा म्हणाले, आणि हातातलं खोबरं मोडून अर्धं त्यांना दिलं.